पाठपिशवीत मावणारी तारेची अँटेना: बनवणे, जुळवणे आणि जागेवर उभारणे

उघड्यावर नेलेली तारेची अँटेना नीट चालली नाही, की बहुतेक हौशी रेडिओचालक आधी तारेच्या लांबीला हात घालतात. दोष मात्र अनेकदा तारेत नसतोच. तो ट्रान्सफॉर्मरच्या कच्च्या डागात (कथिलाच्या जोडात) असतो, कोॲक्सच्या (रेडिओ संचापासून अँटेनेपर्यंत जाणाऱ्या जाळीदार केबलच्या) जोडणीत असतो, किंवा घराच्या गच्चीवर आडवी बांधून जुळवलेली तार डोंगरावर उलट्या ‘व्ही’च्या आकारात टांगली यात असतो. तोपर्यंत तार दोनदा कापून झालेली असते आणि कापलेली तार काही वाढत नाही. म्हणून पुढील सर्व टप्प्यांत एकच शिस्त पाळावी: ज्या भागाची स्वतंत्र तपासणी झालेली नाही, त्याला पुढचा भाग जोडायचा नाही.

येथे दिलेली अँटेना टोकाकडून फीड केलेली, म्हणजे संचाची शक्ती एका टोकाशी दिलेली, अर्ध्या तरंगलांबीची तार आहे. दोन जोड असलेल्या या एकाच तारेवर ४०, ३०, २०, १५ आणि १० मीटर बँडवर (अनुक्रमे सुमारे ७, १०, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झच्या वारंवारता-पट्ट्यांवर) काम करता येते. सर्व आकडे जास्तीत जास्त १० वॅट शक्ती धरून दिले आहेत. प्रक्षेपणाचा परवाना आणि आपल्या देशातील बँडच्या मर्यादा वाचकाला माहीत आहेत, हे गृहीत धरले आहे.

## टप्पा १: तार कशी टांगणार, हे आधी ठरवा

हलक्या अँटेनांचे तीन प्रकार सर्रास वापरले जातात. मध्यातून फीड केलेला डायपोल (दोन सारख्या भागांची तार) विजेच्या दृष्टीने सर्वांत सरळ असतो, पण त्याच्या मध्यावर कोॲक्सचे वजन लोंबते आणि बारीक दांडा त्याने वाकतो. कोणत्याही बँडवर अनुनादात (लांबी वारंवारतेशी नेमकी जुळलेली अशी) नसलेली ‘रँडम’ तार ९:१ ट्रान्सफॉर्मरने फीड करता येते. तिला ट्यूनर (जुळणी साधून देणारे वेगळे उपकरण) लागतो आणि परतीच्या प्रवाहासाठी वेगळी तारही लागते. टोकाकडून फीड केलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेला ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्यूनर लागत नाही आणि कोॲक्स जमिनीलगत राहते. पाठीवर सामान वाहून नेणाऱ्यासाठी माझ्या मते ही तिसरी निवड सर्वांत सोयीची आहे.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाशी इम्पीडन्स (रेडिओ वारंवारतेच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) साधारण २,५०० ते ४,००० ओहम असतो, तर संच आणि कोॲक्स ५० ओहमचे असतात. तिला ९:१ ट्रान्सफॉर्मर लावला तर जुळणी होणे शक्यच नाही. उलट, ‘रँडम’ तारेची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत येऊ नये याची मुद्दाम काळजी घ्यावी लागते. दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या डब्या बाहेरून सारख्याच दिसतात, त्यामुळे डबीवर गुणोत्तर ठळक लिहून ठेवावे.

त्यानंतर टांगण्याचा आकार निश्चित करावा. दोन पर्याय व्यवहार्य आहेत: टेलिस्कोपिक दांडा मध्ये ठेवून उलटा ‘व्ही’, किंवा झाडाच्या उंच फांदीपासून खाली आलेली तिरकी तार. तारेचा अनुनाद तिच्या जमिनीपासूनच्या उंचीवर आणि आकारावरही अवलंबून असतो. म्हणून ज्या आकारात वारंवार वापरणार, त्याच आकारात जुळवणी करायची आहे.

## टप्पा २: साहित्य निवडताना

तार. अनेक बारीक धाग्यांची, प्लास्टिकचे आवरण असलेली तांब्याची तार घ्यावी. एकाच जाड धाग्याची तार पुन्हा पुन्हा गुंडाळल्याने कडक होऊन तुटते. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाची २० मीटर तार सुमारे पावणेदोनशे ग्रॅम भरते, ०.१५ चौरस मिलिमीटरच्या आसपासची तार त्याच्या निम्म्याहून हलकी असते आणि बारीक दांड्यावर तीच शोभते. तार पातळ झाल्याने होणारा तोटा थोडा असतो.

कोॲक्स. तोट्याची खरी जागा ही आहे. आरजी-१७४ ही केबल हलकी असल्याने सगळे तीच घेतात, परंतु १० मीटर लांबीत २८ मेगाहर्ट्झवर ती जवळजवळ एक तृतीयांश शक्ती खाऊन टाकते. ७ मेगाहर्ट्झवर हा तोटा बराच कमी असतो. फीडचे टोक जमिनीलगत असल्यामुळे या अँटेनेला ४ ते ५ मीटर कोॲक्स पुरते. ‘असू द्यावी’ म्हणून १० मीटर नेऊ नये.

दांडा. फायबरग्लासचा ७ मीटरचा टेलिस्कोपिक दांडा पुरेसा होतो. त्याची सर्वांत वरची एक-दोन कांडी इतकी लवचीक असतात, की तारेच्या वजनाने ती खाली झुकतात. ती काढून ठेवावीत आणि प्रत्यक्ष उंची सहा ते साडेसहा मीटर धरावी. कार्बन फायबरचा दांडा हलका असला तरी तो वीज वाहतो आणि शेजारच्या तारेचा अनुनाद बिघडवतो, म्हणून या कामासाठी तो टाळावा.

ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग. एफटी११४-४३ हे फेराइटचे कडे (११४ हा आकार, ४३ हे मिश्रण), ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाडीची इनॅमल लेपाची तांब्याची तार ८० सेंटिमीटर, सीझिरोजी प्रकारचा (तापमानाने फारसा न बदलणारा) १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, कोॲक्स जोडण्यासाठी बीएनसी सॉकेट आणि छोटी प्लास्टिकची डबी. कपॅसिटर किमान २०० व्होल्ट क्षमतेचा घ्यावा.

सावधान: फेराइटची कडी रंगावरून ओळखता येत नाहीत. ४३ आणि ६१ ही मिश्रणे शेजारी ठेवली तर सारखीच राखाडी दिसतात, पण त्याच वेढ्यांना त्यांचे गुण फार वेगळे येतात. कडे पाकिटातून काढले, की त्याच्यावर चिठ्ठी लावून ठेवावी.

## टप्पा ३: ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे

हा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे: एकूण २१ वेढे आणि तिसऱ्या वेढ्यावर एक फाटा. वेढ्यांचे गुणोत्तर ७:१ झाले, की इम्पीडन्सचे गुणोत्तर त्याच्या वर्गाइतके, म्हणजे ४९:१ होते. ५० ओहमच्या बाजूला तीनच वेढे का, दोन का नाहीत, असे विचारले जाते. सर्वांत खालच्या बँडवर या वेढ्यांची रिॲक्टन्स (कॉइल बदलत्या प्रवाहाला करते तो विरोध) ५० ओहमच्या किमान चौपट असावी लागते. या आकाराच्या कड्यावर तीन वेढे ७ मेगाहर्ट्झला ती अट पूर्ण करतात, दोन करत नाहीत. एफटी२४०-४३ सारख्या मोठ्या कड्यावर दोन वेढे चालतात. तिथला आकडा उचलून छोट्या कड्यावर वापरला, की ४० मीटर बँडवर कडे तापते.

१. तारेचे एक टोक १० सेंटिमीटर मोकळे सोडून तीन वेढे घ्यावेत. कड्याच्या भोकातून तार जितक्या वेळा जाते, तितके वेढे मोजावेत. बाहेरच्या कडेवरून मोजणाऱ्यांचा एक वेढा हमखास चुकतो, आणि एकूण तीनच वेढ्यांच्या बाजूला एकाची चूक म्हणजे गुणोत्तर पूर्ण बदलणे.

२. तिसऱ्या वेढ्यानंतर तारेचा ३ सेंटिमीटरचा फास बाहेर काढून त्याला पीळ द्यावा. हाच फाटा. तार तोडू नये.

३. पुढचे १८ वेढे त्याच दिशेने, एकमेकांवर न चढवता घ्यावेत. जागा दिसावी म्हणून अर्धे वेढे एका बाजूला घेऊन तार भोकातून समोरच्या बाजूला नेण्याची पद्धत आहे. तसे केल्यास समोर नेताना झालेला भोकातला फेराही एक वेढा म्हणून मोजावा.

४. फाट्यावरचा आणि दोन्ही टोकांचा इनॅमल लेप ब्लेडने सर्व बाजूंनी खरवडावा. एका बाजूने खरवडून तार लाल दिसली म्हणजे काम झाले असे नाही. खरवडलेल्या भागावर कथिल चढवून पाहावे: ते तारेभोवती पातळ, चकचकीत थर होऊन पसरले तर लेप गेला; थेंब होऊन एका बाजूला बसले तर लेप शिल्लक आहे. वरून घट्ट दिसणारा पण आतून न जुळलेला डाग याच जागी तयार होतो, आणि तो घरात चालून बाहेरच्या हिसक्यांत सुटतो.

५. सुरुवातीचे टोक बीएनसीच्या बाहेरील भागाला, फाटा मधल्या पिनेला आणि शेवटचे टोक अँटेनेच्या तारेच्या स्क्रूला जोडावे. १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर मधली पीन आणि बाहेरील भाग यांच्यामध्ये, शक्य तितक्या आखूड पायांनी लावावा. वरच्या बँडवरची जुळणी हा कपॅसिटर सुधारतो.

६. डबीला अँटेनेच्या तारेसाठी दोन भोके पाडून तार त्यांतून ओवावी, म्हणजे ओढ डबीवर येईल, डागावर येणार नाही. परतीच्या तारेसाठी बीएनसीच्या बाहेरील भागाला जोडलेला एक स्क्रू आताच काढून ठेवावा.

तपासणी: मल्टीमीटरने बीएनसीची मधली पीन आणि बाहेरील भाग तपासल्यास थेट शॉर्ट दिसेल. घाबरून डाग उकलू नयेत. ही सारी एकच सलग तार आहे, त्यामुळे डीसीला शॉर्ट दिसणे बरोबरच आहे. उलट शॉर्ट दिसला नाही, तर कुठेतरी लेप राहिला आहे. याच सलगपणामुळे तारेवर साठणारा स्थिर विद्युतभार कोॲक्सच्या जाळीकडे जाऊ शकतो.

## टप्पा ४: तार न लावता ट्रान्सफॉर्मरची चाचणी

हा टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो, आणि पुढचा जवळजवळ सारा मनस्ताप येथेच वाचण्यासारखा असतो.

२.२ किलोओहम आणि २४० ओहम असे दोन साधे फिल्म रेझिस्टर एकापुढे एक जोडून अँटेनेचा स्क्रू आणि परतीचा स्क्रू यांच्यामध्ये लावावेत. बेरीज २,४४० ओहम होते, म्हणजे ५० च्या ४९ पटींच्या अगदी जवळ. पाय आखूड ठेवावेत. तारेच्या वेटोळ्याचे रेझिस्टर वापरू नयेत, कारण ते स्वतःच कॉइलसारखे वागतात. आता नॅनोव्हीएनए किंवा अँटेना ॲनालायझर (वारंवारतेनुसार जुळणी मोजणारी उपकरणे) थेट बीएनसीला लावून ७ ते ३० मेगाहर्ट्झ पाहावे. ७ ते २१ मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर (जुळणीचा आकडा; १ म्हणजे परिपूर्ण जुळणी) १.५ च्या आसपास किंवा त्याखाली आणि २८ मेगाहर्ट्झला २ च्या आत असेल, तर डबी बंद करावी.

खालच्या बँडवर एसडब्ल्यूआर वाईट आणि वर चांगला असेल, तर वेढे कमी पडले आहेत किंवा कड्याचे मिश्रण चुकले आहे. फक्त वरच्या बँडवर वाईट असेल, तर कपॅसिटर आणि जोडण्यांची लांबी पाहावी. सर्वत्र वाईट असेल, तर वेढे पुन्हा मोजावेत आणि डाग पाहावेत.

सावधान: रेझिस्टर लावलेले असताना संचातून प्रक्षेपण करू नये. ॲनालायझरची शक्ती अत्यल्प असते. ५ वॅट या छोट्या रेझिस्टरना जाळतील.

## टप्पा ५: तार मोजणे आणि जोड बसवणे

अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे. १४.१ साठी १०.१४ मीटर, १०.१२ साठी १४.१३ मीटर आणि ७.०५ साठी २०.२८ मीटर येते. प्लास्टिकच्या आवरणामुळे खरी लांबी याहून थोडी कमीच भरते, परंतु सुरुवात जास्तीच्या तारेने करायची असते:

- ट्रान्सफॉर्मरपासून पहिल्या जोडापर्यंत १०.४५ मीटर
- पहिल्या जोडापासून दुसऱ्यापर्यंत ४.३० मीटर
- दुसऱ्या जोडापासून टोकापर्यंत ६.५० मीटर

जोड म्हणजे प्लास्टिकचा छोटा विद्युतरोधक तुकडा. दोन्ही बाजूंच्या तारा त्याच्या भोकांत ओवून बांधायच्या आणि ताण त्या तुकड्यावर ठेवायचा. विजेची जोडणी २ मिलिमीटरच्या बुलेट कनेक्टरने, सैल लोंबणाऱ्या शेपटांमधून करायची. कनेक्टरवर ताण आला तर तो वाऱ्याच्या एखाद्या झोताने निसटतो आणि अँटेना नकळत दुसऱ्याच बँडची होते. शेपटांची लांबीही तारेच्या लांबीत धरली जाते, म्हणून जुळवणीनंतर शेपटे कापू नयेत.

पहिल्या जोडापर्यंत २० मीटर बँड, दुसऱ्यापर्यंत ३० मीटर बँड आणि पूर्ण तारेवर ४० मीटर बँड मिळतो. पूर्ण तार २०, १५ आणि १० मीटर बँडवरही अनुनादात येते, मग पहिला जोड कशाला, अशी शंका येईल. तारेच्या मोकळ्या टोकांमुळे होणारी लांबीची घट तारेत एकदाच होते, प्रत्येक अर्ध्या तरंगलांबीमागे होत नाही. त्यामुळे ७.०५ ला जुळवलेली तार १४.१ ला नव्हे, तर त्याच्या बऱ्याच वर अनुनादात येते. पहिला जोड उघडून २० मीटर बँड नेमका साधता येतो. शिवाय जागा अपुरी असेल तेथे दहाच मीटर तारेवर काम भागते.

## टप्पा ६: जुळवणी, आतून बाहेर

क्रम पक्का लक्षात ठेवावा: आधी पहिला जोड उघडून २० मीटर बँड, मग पहिला बंद आणि दुसरा उघडून ३० मीटर, शेवटी दोन्ही बंद करून ४० मीटर. उलट्या क्रमाने गेल्यास आतला तुकडा कापताच बाहेरची आधी केलेली सारी जुळवणी सरकते.

तार प्रत्यक्ष वापरायच्या आकारात, प्रत्यक्ष उंचीवर आणि प्रत्यक्ष वापरायच्या कोॲक्ससह टांगावी. ॲनालायझर डबीलाच लावून, तो हातात धरून घेतलेले माप बाहेर उपयोगी पडत नाही, कारण या अँटेनेत परतीचा प्रवाह कोॲक्सच्या जाळीवरूनही वाहतो. कोॲक्स बदलली, की अँटेनाही थोडी बदलते.

समजा पहिल्या मापात एसडब्ल्यूआरचा तळ (तो सर्वांत कमी असतो ती वारंवारता) १३.८० मेगाहर्ट्झला दिसला आणि तो १४.१० ला हवा आहे. नवी लांबी म्हणजे १०.४५ गुणिले १३.८० भागिले १४.१०, अर्थात १०.२३ मीटर. हिशेबाने २२ सेंटिमीटर जास्त आहेत. पहिल्यांदा १५ सेंटिमीटरच कमी करावेत, आणि तेही कापून नव्हे, तर टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळून. पुन्हा तार वर चढवून माप घ्यावे. तळ जागेवर आल्यावरच कापावे, तेव्हाही चार-पाच सेंटिमीटर दुमडलेले ठेवावे.

एका सेंटिमीटरने तळ किती सरकतो, हे माहीत असले की अंदाजाचे काम उरत नाही: २० मीटर बँडवर सुमारे १४ किलोहर्ट्झ, ३० वर ७ आणि ४० वर साडेतीन. ४० मीटर बँडवर बोटभर तार इकडेतिकडे करण्यात अर्धा दिवस घालवणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा ध्यानात घ्यावा.

एसडब्ल्यूआर २ च्या आत आला, की थांबावे. २ असताना सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते, आणि त्यातलीही सगळी वाया जात नाही. १.१ चा हट्ट धरून तार छाटत राहणे निरर्थक आहे, कारण दुसऱ्या जागी, दुसऱ्या मातीवर तो तळ आपोआप काही किलोहर्ट्झ सरकणारच.

तपासणी: तिन्ही बँडचे तळ, त्या वेळच्या दांड्याची उंची आणि कोॲक्सची लांबी एका चिठ्ठीवर लिहून ती तारेच्या फिरकीवर चिकटवावी. पुढे बिघाड शोधताना तुलनेला हेच आकडे लागतात.

## टप्पा ७: कोॲक्सवरचा प्रवाह आवरणे

अँटेना जुळली असूनही मायक्रोफोनच्या धातूला ओठ लागताच चटका बसणे, कीअरने (मोर्सचे ठोके देणाऱ्या उपकरणाने) आपोआप डिट-डाह करणे, किंवा संगणक मध्येच बंद पडणे ही कोॲक्सच्या बाहेरील पृष्ठभागावरून प्रवाह संचापर्यंत येत असल्याची लक्षणे आहेत. ते ओळखण्याची सोपी रीत म्हणजे ॲनालायझरचा आलेख पाहत कोॲक्सवरून हात फिरवणे. आलेख हलला, तर कोॲक्स अँटेनेचा भाग झालेली आहे.

उपाय म्हणून एफटी१४०-४३ कड्यावर त्याच बारीक कोॲक्सचे ८ ते १० वेढे घेऊन चोक (हा बाहेरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) करावा. चोक कुठे लावायचा, यात मोठी चूक होते. तो ट्रान्सफॉर्मरला अगदी चिकटून लावला आणि परतीची वेगळी तार दिली नाही, तर परतीच्या प्रवाहाला वाटच राहत नाही आणि जुळलेली अँटेना बिघडल्यासारखी वागते. चोक संचाच्या टोकाला लावावा. मधल्या कोॲक्सची जाळी परतीची वाट होते. किंवा डबीवरच्या परतीच्या स्क्रूला २ मीटर तार जोडून ती जमिनीवर सोडावी, म्हणजे ४० मीटर बँडच्या तरंगलांबीचा विसावा भाग झाला, आणि मग चोक डबीजवळ ठेवावा. चोक बसवल्यावर २० मीटर बँडचे माप पुन्हा घ्यावे.

## टप्पा ८: जागेवर उभारणी

१. सर्वांत आधी वर पाहावे. विजेच्या तारा कुठून जातात, दांडा किंवा फेकलेली दोरी कशीही पडली तरी त्यांच्यापर्यंत पोहोचेल का, हे ठरवावे. शंका आली तर जागा बदलावी. या मुद्द्यावर तडजोड नाही.

२. लोकांची पायवाट कुठून आहे ते पाहून तारेची दिशा ठरवावी. साडेसहा मीटरच्या दांड्यावरून २० मीटर तार उलट्या ‘व्ही’त सोडल्यास दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ ते नऊ मीटर मोकळी जागा लागते. दोन बाजूंमधला वरचा कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये.

३. तार जमिनीवर पूर्ण सोडून, गाठी आणि पीळ काढून, दोन्ही जोड हव्या त्या स्थितीत करून घ्यावेत. दांडा उभा केल्यानंतर जोडाची आठवण होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

४. तार दांड्याच्या टोकाला बांधून कांडी वरून खाली, एकेक करून, हलका पीळ देत बसवावीत. खालून सुरुवात केल्यास वरची कांडी हाताला येत नाहीत. कांडी फार आवळली तर थंडीत ती अडकतात. दांड्याला तीन बाजूंनी ताणाच्या दोऱ्या द्याव्यात आणि त्या रंगीत असाव्यात.

५. तारेचे दूरचे टोक बारीक दोरीने खुंटीला बांधावे. तार जमिनीपासून किमान अडीच मीटरवर संपावी, पुढची सारी लांबी दोरीची असावी. टोकाशी व्होल्टेज सर्वाधिक असते. ट्रान्सफॉर्मरच्या तारेकडील टोकाशी ५ वॅटलाच सुमारे ११० व्होल्ट येतात आणि १०० वॅटला ५०० च्या जवळपास. टोक ओल्या पानांत गेले तरी अनुनाद खाली सरकतो.

६. झाड वापरायचे असेल तर २०० ते ३०० ग्रॅमची वजनाची थैली आणि गुळगुळीत बारीक दोरी घ्यावी. दोरी आधी कापडावर किंवा बादलीत सैल सोडून ठेवावी. हातातल्या गुंडाळीवरून फेकल्यास ती अर्ध्यात अडकते. फेकण्याच्या रेषेत, समोर आणि मागे, कोणीही उभे नसावे. फांदीवर अडकलेली थैली जोराने ओढू नये, ती थेट तोंडावर येते. तार फांदीला टेकू देऊ नये, दोरीनेच टांगावी.

७. डबी जमिनीपासून मीटरभर उंचीवर, पिशवीला किंवा खुंटीला बांधावी. उरलेली तार फिरकीवर तशीच गुंडाळून ठेवू नये, ती कॉइल होते. नको असलेला तुकडा जोड उघडून वेगळा करावा.

८. कोॲक्स आधी डबीला आणि संचाला सर्वांत शेवटी जोडावी.

सावधान: गडगडाट ऐकू येताच कोॲक्स काढून, तार तशीच सोडून दूर जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नये. उघड्या माथ्यावर उभा दांडा गुंडाळत बसणे जिवावर बेतू शकते.

## टप्पा ९: प्रक्षेपणापूर्वीची तपासणी आणि बिघाडाचा शोध

कोॲक्स जोडताच बँडवरचा गोंगाट स्पष्ट वाढला पाहिजे. वाढला नाही, तर प्रक्षेपण न करता जोडणी पाहावी. नंतर सर्वांत कमी शक्तीवर, वारंवारता मोकळी आहे याची खात्री करून एसडब्ल्यूआर घ्यावा आणि चिठ्ठीवरील आकड्यांशी ताडून पाहावा.

- सर्वच बँडवर एसडब्ल्यूआर फार वाढला असेल, तर दोष कोॲक्सच्या टोकाचा किंवा डबीचा आहे. दुसरी कोॲक्स लावून पाहावी, तारेला हात लावू नये.
- तळ काहीसा खाली सरकला असेल, तर तार पानांना, दगडाला किंवा ओल्या जमिनीला जवळ आली आहे. टोक वर घ्यावे.
- २० मीटर बँड चालतो, पण ४० वर तळच दिसत नाही, तर पहिला जोड उघडा राहिला आहे किंवा निसटला आहे. ३० मीटर बँडचा तळ दिसतो आणि ४० चा नाही, तर दुसरा.
- वारा आला की आकडा उड्या मारतो, तेव्हा बहुतेक कच्चा डाग किंवा आवरणाच्या आत तुटलेली तार असते. तार बोटांतून हळूहळू ओढत वाकवून पाहावी. तुटलेल्या जागी ती अचानक सहज वाकते.
- एसडब्ल्यूआर उत्तम, पण कोणीच ऐकत नाही: लांब, बारीक किंवा पाणी शिरलेली कोॲक्स परत फिरणारी शक्तीही खाते आणि मीटरला चांगला आकडा दाखवते. या आकड्याने सर्वाधिक फसवणूक होते ती येथेच.

४० मीटर बँडवर सहा मीटर उंचीची तार मुख्यतः वरच्या दिशेला प्रक्षेपण करते, म्हणून जवळची स्थानके चांगली मिळतात आणि दूरची कमी. तो बिघाड नव्हे. दूरच्या संपर्कांसाठी २० मीटर आणि त्यावरचे बँड वापरावेत, आणि उंच फांदी मिळाल्यास तार जरूर वर घ्यावी.

एफटी८ (संगणकाने चालणारी अंकीय संदेशपद्धत) सारख्या सलग प्रक्षेपणाच्या पद्धतींत कडे अधिक तापते. काही फेऱ्यांनंतर प्रक्षेपण थांबवून, मगच डबीला हात लावून पाहावे. ती कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर शक्ती कमी करावी.

## टप्पा १०: उतरवणे आणि गुंडाळणे

सर्वांत आधी संचाकडची कोॲक्स काढावी. मग दूरच्या टोकाची दोरी सोडावी, दांड्याची कांडी खालून वर एकेक बसवत जावीत आणि तार जमिनीवर सरळ पडू द्यावी. तार फिरकीवर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळावी, म्हणजे पीळ साठत नाही. कोपर आणि अंगठ्यावर गोल गुंडाळलेली तार पुढच्या वेळी हमखास गुंतते. सुरुवात दूरच्या टोकाकडून करावी, म्हणजे पुढच्या वेळी डबीकडचे टोक आधी हाती येईल. ओली तार आणि दांडा घरी आल्यावर उघडे करून वाळवावेत, आणि बीएनसीच्या सॉकेटमध्ये माती गेली नाही ना, हे पाहूनच पिशवी बंद करावी.